मयताची आई

माझे यजमान गेले तेव्हा आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता, आणि आम्ही नवा धर्म घेतला त्याला वर्षही झालं नव्हतं. रोहण्याच्या प्राथमिक शाळेत ते मास्तर होते. आमच्या वस्तीतून मास्तर झालेले ते पहिलेच. सरकारने त्यांना ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं. पेरण्यांच्या आधी ते गेले आणि दर आठवड्याला एक कार्ड टाकायचे. मी चौथी शिकलेली. कार्ड आलं की चुलीपाशी बसून सासूबाईंना वाचून दाखवायची, आणि त्या मला तेच कार्ड पुन्हा एकदा वाचायला लावायच्या.

मग एक दिवस तार आली. प्रकृती गंभीर आहे, या, एवढंच. माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि तिला गोवर निघाला होता. सासूबाई म्हणाल्या, "तू जाय. पोरीले मी पाहीन. त्याले म्हनजो, बरा झाला की घरी ये." शाळेतले दुसरे गुरुजी माझ्यासोबत आले.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पोट दुखतंय म्हणून त्यांनी अंगावर काढलं होतं. आतडं आत फुटलं होतं, असं दवाखान्यात सांगितलं. उन्हापावसाचे दिवस, गावाकडे नेण्याची सोय नाही. गुरुजी म्हणाले, "बाई, इथंच करावं लागेल." ट्रेनिंगमधल्या चार सोबत्यांनी खांदा दिला. बायका जात नाहीत, पण घरचं दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून मीही घाटावर गेले.

परत आले तेव्हा सासूबाई दारात बसून तुरीची डाळ पाखडत होत्या. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांचं सूप थांबलं.

"तुवा पायलं?"

"हो, आत्याबाई."

"त्याचंच तोंड होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई दाखवलं?"

त्या पुन्हा डाळ पाखडू लागल्या. त्या रडल्या नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढे कित्येक दिवस नाही.

तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कोनाच्या नावानं फोडता? माहा पोरगा नागपुरात शिकून राह्यला." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या परत गेल्या. जुन्या चालीत असतो तर दहावा, तेरवी, काही ना काही झालं असतं. ते सगळं आम्ही सोडलं होतं, आणि नव्यात काय करायचं ते अजून आमच्या गावात कोणाला नीट ठाऊक नव्हतं. चारदोन माणसं जमली, मेणबत्ती लावून त्रिसरण म्हटलं आणि गेली. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "परीक्षा हाये त्याची, म्हनून प्रार्थना केली."

खरं सांगायचं तर आमच्या घरात काहीच बदललं नव्हतं. ते तसेही घरी नव्हतेच. त्यांचं ताट वाढायचं नव्हतं, त्यांचे कपडे धुवायचे नव्हते. नागपुरात असलेला माणूस नागपुरातच होता. फक्त कार्डं येत नव्हती.

सासूबाई रोज सकाळी माझी हनुवटी धरून स्वतःच्या बोटाने माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या. आधी त्या कधी असं करत नव्हत्या. मी उभी राहायची. पहिल्या दिवशी मी त्यांचा हात धरला होता, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वाईट चिंतते आहे. पुन्हा मी हात धरला नाही. विहिरीवर बायका माझ्या कपाळाकडे बघायच्या आणि बोलता बोलता गप्प व्हायच्या.

पोळा झाला, दसरा झाला. मग गुरुजी घरी आले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "मास्तरांचा फंड आहे, पगारातून कापलेला. तुमच्या मुलीला त्याचाच आधार. पण त्यांनी वारसाचं नाव लिहून दिलं नव्हतं. ऑफिस म्हणतं, कोर्टाचा दाखला आणा." ते हळू बोलत होते. आत सासूबाई जात्यावर बसल्या होत्या.

कोर्ट वर्ध्याला. रोहण्याहून छोट्या गाडीने पुलगाव, तिथून मोठ्या गाडीने वर्धा. मी सासूबाईंना सांगितलं की शाळेचं काम आहे. ते खोटंही नव्हतं. पुलगावच्या फलाटावर नळ होता. मी तिथं गेले आणि पदर ओला करून कुंकू पुसलं. विधवा म्हणून कोर्टात जायचं तर तसंच जायला हवं होतं. गुरुजी त्या वेळी दुसरीकडे तोंड करून मालगाडीचे डबे बघत होते. परत येताना त्याच नळावर मी कमरेची कुंकवाची पुडी काढायची आणि आरसा नसताना बोटाच्या अंदाजाने पुन्हा कुंकू लावायची. किती वेळा केलं असेल ते मी मोजलं नाही. पुसताना काही वाटत नसे. लावताना मात्र कोणी बघत नाही ना, हे मी आधी वळून पाहायची.

गुरुजींच्या ओळखीचे एक वकील होते. वय झालेलं, बोलताना खोकला यायचा. त्यांनी अर्ज तयार केला आणि सही करण्याआधी मला वाचून दाखवला. त्यात माझ्या यजमानांचं नाव एकदाच होतं. पुढे सगळीकडे नुसतं 'मयत'. मयताची विधवा, मयताची अज्ञान मुलगी, मयताची आई. आम्ही तिघीही त्या एका शब्दाला बांधल्या गेल्या होत्या. मी 'अज्ञान' म्हणजे काय ते विचारलं. वकील म्हणाले, "लहान, एवढंच. घाबरू नका."

मग त्यांनी चष्मा काढला. "नव्या कायद्याने मुलाच्या मिळकतीत आईचाही वाटा असतो. तेव्हा तुमच्या सासूबाईंना नोटीस जाईल. त्या येऊन हरकत नाही म्हणाल्या की काम सोपं."

"त्या येणार नाहीत," मी म्हणाले.

"काही भांडण आहे का?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. समोर टायपिंगवाल्यांची खटखट चालली होती. शेवटी म्हणाले, "नोटीस तर काढावीच लागेल, बाई. कोर्टाचं काम आहे ते."

नोटीस घेऊन बेलीफ आला तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. मी शेतावर होते, सासूबाई मुलीला घेऊन घरी. पुढे जे झालं ते मला शेजारणीने सांगितलं. टपालवाल्यासारखा पिशवी लटकवलेला माणूस दारात पाहून सासूबाई हात पुसत उठल्या. म्हणाल्या, "आलं का पत्र? वाचून दाखवा, सून घरी नाई." तो बिचारा वाचू लागला. मयताचं नाव, मयताची विधवा. शेजारीण म्हणाली, मयत हा शब्द दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हातारीने त्याला थांबवलं.

"घर चुकलं तुमचं."

"नाव तर हेच आहे. इथं अंगठा द्या."

"माहा पोरगा जिता हाये. जिवंत मानसाच्या कागदावर मी अंगठा नाई देत."

त्याने एक प्रत दारावर चिकटवली आणि निघून गेला. संध्याकाळी मी आले तेव्हा सासूबाईंनी त्या कागदावर पोतं टांगलं होतं. फाडला नव्हता. सरकारी कागद फाडायचा नाही, एवढं त्यांना माहीत होतं. रात्रीच्या भाकरी झाल्या, मुलगी झोपली, आणि पोतं तसंच टांगलेलं राहिलं.

पुढच्या तारखेला वकिलांनी मला बाजूला नेलं. "अडचण झाली. बेलीफाने रिपोर्टमध्ये लिहिलंय, आई म्हणते मुलगा जिवंत आहे. दवाखान्याचा दाखला आहे, गुरुजींची साक्ष आहे, सगळं खरं. पण खुद्द आईच असं म्हणत असेल तर जज तिला ऐकल्याशिवाय पुढं कसे जातील?"

त्या दिवशी परत येताना मी पुलगावला नळावर गेले नाही. गुरुजींनी एकदा आठवण केली, "बाई, गाडी लागली." मी तशीच चढले. पण रोहणा जवळ आलं तसं माझं बळ गेलं, आणि डब्यातच पुडी काढून मी कुंकू लावलं. घरी आल्यावर सांगितलं, "आत्याबाई, कोर्टाने तुमाले बलावलं. तुमी येऊन सांगा म्हनते."

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या एकदम उठल्या. "मीच सांगीन सायबाले. कोनं लिवलं असन हे. त्याची नौकरी जाईन अशानं." त्यांच्या मनात हे होतं, की कोणी त्यांच्या मुलाला मेला ठरवतंय आणि तो परत येईल तेव्हा शाळेत त्याची जागा राहणार नाही. मुलाची नोकरी वाचवायला त्या कोर्टात निघाल्या. पेटीतलं नवं लुगडं काढलं. गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या आणि मुलीला बाहेरची झाडं दाखवत राहिल्या. मी त्यांच्या बाजूला. त्या दिवशी कुंकू पुसता आलं नाही.

आधी माझी साक्ष होती. मी उभी राहिले. जज साहेबांच्या पुढे बसलेल्या पेशकाराने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. "साहेब, अर्जदार विधवा म्हणून अर्ज करते, पण बाईच्या कपाळी..." कोर्टात बसलेले लोक माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, जमीन फाटावी. वकील उठले, पण त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"म्या लावलं. रोज मीच लावतो तिले. तिले काऊन इचारता?"

जज साहेब फार वयाचे नव्हते. त्यांनी मागे बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेशकाराला म्हणाले, "ते लिहू नका. पुढे चला." मला दोनचार प्रश्न विचारले. लग्न केव्हा झालं, मूल किती, मृत्यूच्या वेळी हजर होतात का. मी म्हणाले, "मी पोचले तेव्हा ते गेले होते. मी त्यांना पाहिलं. घाटावरही मी गेले होते." हे सासूबाईंच्या समोर मी पहिल्यांदाच बोलत होते. घाटाचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मग शिपायाने पुकारलं, "मयताची आई."

सासूबाई उठल्या नाहीत. त्यांना ते आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही. गुरुजींनी हाताला धरून उठवलं. साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्हाला मुलं किती?" जज साहेबांनी विचारलं.

"एकच, सायेब. मास्तर हाये."

"आता कुठे असतो?"

"नागपुरात. शिकाले गेला."

"केव्हा गेला?"

"पेरन्याच्या आंधी."

"मधे घरी आला?"

"नाई. पोयाले येतो म्हने. आला नाई."

"दिवाळीला?"

"नाई आला."

"पत्र येतं?"

"आंधी दर हप्त्याले ये. सून वाचून दाखवे."

"आणि आता?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता नाई येत."

जज साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांचा आवाज अगदी साधा होता, कोणी घरी विचारावं तसा. "का येत नसेल? तुम्हाला काय वाटतं?"

"कामात असन. अभ्यास लई रायते म्हने." एवढं बोलून त्या थांबल्या. कठड्यावरची बोटं हलत होती. "तसा तो मायेचा हाये, सायेब. कामात असला तरी दोन ओळी टाके. तापात होता एकदा, तरी टाकलं त्यानं. हात मोडला असता तं दुसऱ्याच्या हातानं लिवून घेतलं असतं. पन..." त्यांना पुढचं वाक्य सापडेना. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, जणू मी कार्ड वाचून दाखवताना मधेच थांबले आहे. मग फार हळू म्हणाल्या, "असता तं लिवलं असतं त्यानं."

वकील काही बोलायला उठले, तर जज साहेबांनी हातानेच त्यांना बसवलं. मग म्हणाले, "बाई, मला विचारणं भाग आहे. तुमचा मुलगा वारला, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मीच म्हनाव लागते का? दुसऱ्यानं म्हटलं तं नाई चालत?"

"त्यांनी सांगितलंय. पण तुम्ही आई आहात."

"तू सांगतलं होतं नं मले?" हे त्या मला म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"घाटावर तू गेलती?"

"हो."

"एकटा नव्हता नं तो?"

"नाही. मी होते."

त्या जज साहेबांकडे वळल्या. "लिवा मंग. मेला माहा पोरगा."

पेशकाराने लिहिलं. शिपायाने त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. "माहा हिस्सा नातीले द्या," त्या म्हणाल्या, आणि खाली उतरल्या. त्यांनी काळा झालेला अंगठा लुगड्याला पुसला नाही, तसाच हवेत धरून चालत राहिल्या.

बाहेर कडुलिंबाखाली पाण्याचं टाकं होतं. त्या तिथं थांबल्या. मला वाटलं, अंगठा धुतील. त्यांनी पदराचं टोक भिजवलं, माझी हनुवटी रोजच्यासारखी धरली आणि कुंकू पुसलं. आधी जोराने, कपाळ दुखेल असं, मग हळूहळू. सगळं निघून गेल्यावरही त्या पुसत राहिल्या. मग त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. त्या तिथंच मातीत बसल्या. इतके महिने कुठे होतं ते सगळं, कोण जाणे. तारखेला आलेली माणसं बाजूने जात होती. खेड्यातली एक अनोळखी बाई थांबली, काही न विचारता सासूबाईंच्या पाठीमागे बसली आणि त्यांना आपल्या अंगावर टेकवून घेतलं. मुलगी घाबरून माझ्या पायाला बिलगली. "आजीले काय झालं?" ती विचारत होती. गुरुजींनी तिला उचलून घेतलं आणि फाटकाकडे नेलं.

दाखला पुढे यथावकाश मिळाला. मधे हमीचे कागद झाले, कोर्टाला सुट्ट्या आल्या. फंडाच्या आधारावर मी पुढे शिकले आणि मास्तरीण झाले. आता वर्ध्याजवळ सिंदी मेघेत मुलीजवळ राहते. लोकांना वाटतं, त्या दाखल्याने आमचं भलं झालं. झालंच. पण कोर्टातून आल्यावर आमच्या घरात जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही. सासूबाई 'होता' म्हणू लागल्या. त्याले वांगं आवडे. तो असा चाले. आणि मला ते ऐकवेना. इतके दिवस मी त्यांना वेडं समजत होते, मनातून चिडतही होते. पण जगात एक जागा होती, जिथं माझा नवरा नागपुरात शिकत होता. चुलीपाशी, त्या म्हातारीच्या तोंडात. ती जागा मीच कागद करून मोडून घेतली होती. माझं खरं रडणं त्यानंतर सुरू झालं.

उन्हाळा लागायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "मले जागा दाखव."

आम्ही तिघी नागपूरला गेलो. घाट मला सापडला, पण जागा सापडेना. मागच्या खेपेला पाऊस होता, चिखल होता, मला चार माणसांचे पाय तेवढे दिसले होते. आता सगळीकडे सारखीच राख आणि सारखीच माती. एका बाजूला कोणाची तरी चिता नुकतीच पेटली होती.

"कोनती?" सासूबाईंनी विचारलं.

कुठेही बोट दाखवता आलं असतं. त्यांनी मानलं असतं. "आठवत नाही, आत्याबाई," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणाल्या. थोडा वेळ धुराकडे बघत उभ्या राहिल्या. फाटकाबाहेर झाडाखाली त्या मयताच्या घरच्या बायका बसून रडत होत्या. सासूबाई त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्यातच जाऊन बसल्या. कोणी त्यांना तू कोण म्हणून विचारलं नाही. एकीने सरकून जागा दिली. त्या बायका ज्याच्यासाठी रडत होत्या तो कोण, म्हातारा की तरणा, आम्हाला माहीत नव्हतं. सासूबाई त्यांच्या गळ्यात गळा घालून रडल्या. जे आपल्या दारात करायचं राहून गेलं होतं ते सगळं त्यांनी तिथं केलं. मीही मुलीला मांडीवर घेऊन कडेला बसले.

ऊन कललं तशा त्या बायका उठल्या. जाताना त्यांच्यातली एक म्हातारी सासूबाईंना म्हणाली, "येजो बाई घरी."

"येईन," सासूबाई म्हणाल्या.